शब्द चालायला लागले की: सीमाभागातल्या मराठी शाळेत ॲनिमेशनच्या व्हिडिओतून इंग्रजी शिकवताना

पाचवीच्या वर्गात फळ्यावर मी लिहिलं होतं, 'द कॅट इज ऑन द टेबल'. अर्थ विचारला तर सगळ्या वर्गाला आला. मग उलटं विचारलं, 'मांजर खुर्चीखाली आहे' हे इंग्रजीत सांगा. मागच्या बाकावरून ठाम आवाजात उत्तर आलं, 'सर, कॅट चेअर अंडर इज.'

उत्तर चुकलं, पण त्या चुकीत शिस्त होती. मराठीत 'खाली' खुर्चीच्या मागून येतो, म्हणून त्यानं तो मागे ठेवला. 'आहे' शेवटी येतं, म्हणून 'इज' शेवटी ठेवलं. कन्नडमध्येही हीच रीत. 'घरात' म्हणायचं तर 'मनेयल्ली', म्हणजे 'मने' आधी आणि 'अल्ली' तिच्या शेपटाला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं मूल घरात मराठी बोलतं, बसमध्ये आणि बाजारात कन्नड ऐकतं, जांबोटी-कणकुंबीकडे गेलं तर कोकणीही कानावर पडते. या सगळ्या भाषा त्याला एकच सांगतात: जागा दाखवणारा शब्द नामाच्या मागे. हा शब्द पुढे मागणारी इंग्रजी ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच भाषा.

मी कितीतरी वर्षं हे फळ्यावर बाण काढून समजावत होतो. बाण मुलांना कळायचा, वाक्य मात्र वळायचं नाही. मग एकदा बारा सेकंदांचा व्हिडिओ केला. पडद्यावर 'खुर्ची' आणि 'खाली' चिकटून उभे. 'खाली' सुटतो, खुर्चीला वळसा घालून चालत पुढे येतो आणि पुढे येता येता 'अंडर' होतो. बस, एवढंच. तो संपला तेव्हा तोच मुलगा म्हणाला, 'म्हणजे इंग्रजीत 'खाली' पुढं जाऊन उभारतो की!' त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे: जिथं काहीतरी हलतं, तिथंच ॲनिमेशन. बाकी ठिकाणी फळा, खडू आणि खरी वस्तू पुरते.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत ती वाचायच्या सोयीसाठी. पडद्यावर मात्र इंग्रजी रोमन लिपीतच लिहा. त्याचं कारण पुढे येईल.)

आधी ठरवा, काय हलतंय

पेन्सिल, दप्तर, डबा, छत्री हे शब्द शिकवायला व्हिडिओ कशाला? वस्तू हातात धरा. पाच मिनिटांची कार्टूनची गोष्ट लावली तर मुलं गोष्टच बघतात, भाषा बाजूला राहते. माझा पहिला व्हिडिओ तीन मिनिटांचा होता. कुत्रा, ससा, मागे संगीत, रंगीत पार्श्वभूमी, सगळं होतं. तीन रात्री बसून केला. मुलं खूश झाली. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही वाक्य कुणाला सांगता आलं नाही. कुत्र्याचं शेपूट कसं हलत होतं ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर हेच सांगतात: धड्याशी संबंध नसलेलं रंजक काही घातलं की शिकणं कमी होतं, आणि मजकूर लहान तुकड्यांत दिला की वाढतं.

मग इंग्रजीत हलतं काय? वाक्यातली जागा हलते. 'मी आंबा खाल्ला' यातलं 'खाल्ला' उचलून मधे ठेवावं लागतं. प्रश्नही हलतो. आपण 'तुला भाकरी आवडते' याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न झाला. इंग्रजीत तोच 'का' शेवटून उठून सगळ्यांच्या पुढे जातो आणि 'डू' होतो. 'शी इज कमिंग' मधलं 'इज' 'शी'ला ओलांडून पुढे उडी मारतं. 'अ' आणि 'द' यांच्यात नजर हलते: आधी रस्त्यावर कुठलंसं एक कुत्रं दिसतं, तेव्हा 'अ डॉग', मग कॅमेरा त्याच कुत्र्यावर जाऊन थांबतो, तेव्हा 'द डॉग'. मराठीत या दोघांसाठी वेगळे शब्द नाहीत, म्हणून नुसत्या व्याख्येनं ते डोक्यात शिरत नाहीत.

सगळ्यात मोठी गंमत काळांची आहे, आणि तिथं आपल्या भागातल्या मुलांकडे एक ठेवा आधीच आहे. फणसाचं झाड काढा. फणस देठावर डुलतोय, मग सुटून खाली येतोय, मग जमिनीवर पडलाय. सगळा व्हिडिओ तीन-चार सेकंदांचा. तो तीन ठिकाणी थांबवा आणि प्रत्येक वेळी विचारा, 'काय झालं?' आमची मुलं सांगतात: 'पडणार', 'पडालाय', 'पडलाय'. पुस्तकात 'पडत आहे' असतं, पण आपल्या घरातलं 'पडालाय' म्हणजे 'पडायला लागलाय', अगदी नेमकं 'इज फॉलिंग'. 'पडलाय' म्हणजे 'हॅज फॉलन'. मधल्या एका 'आ'नं काळ बदलतो, आणि हे मुलाला कुणी न शिकवता येतं. आपल्याकडच्या बोलीतल्या कन्नडमधलं 'बीळाकत्तैती'ही तसंच, पडायला लागलेलं दाखवणारं. मुलांच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून वर्गाबाहेर ठेवलं तर इंग्रजी काळांची ही किल्ली आपणच फेकून देतो, असं मला मनापासून वाटतं. स्थिर चित्रात 'पडालाय' आणि 'पडलाय' वेगळे दाखवणं अवघड. हलतं चित्र आणि थांबवायचं बटण, दोन्ही हाताशी असलं की मिनिटाभरात होतं.

एक व्हिडिओ, एक हालचाल. एकाच व्हिडिओत 'ऑन', 'अंडर' आणि प्रश्न असे तिन्ही कोंबू नका.

संवाद लिहिणं आणि चौकटी काढणं

संगणक उघडायच्या आधी चौकटीची वही घ्या. सराईत इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांसाठी नव्वद-शंभरच्या वर जाऊ नका, आणि त्यात थांबेही धरा. म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओत साठ-सत्तर शब्द पुष्कळ झाले. सहा ते आठ छोटी वाक्यं, त्यातली चार एकाच साच्यातली. शब्द बदलावेत, साचा तोच राहावा.

प्रसंग आपल्याकडचा घ्या. 'द बस इज गोइंग टू जांबोटी'. 'आजी इज मेकिंग भाकरी'. म्हैस तळ्यात, बगळा म्हशीवर, पिल्लू म्हशीच्या मागे: इन, ऑन, बिहाइंड. विणकरांची मुलं असतील, शहापूर-वडगावकडची, तर माग आणि धोटा घ्या. धोटा सुतातून 'थ्रू' जातो, आणि 'थ्रू' दाखवायला याहून चांगलं चित्र मला तरी सापडलेलं नाही. निपाणीकडे तंबाखूचं शेत, गोकाककडे करदंट या मिठाईचं दुकान. लंडनचा पूल आणि बर्फाचा माणूस यांच्यात आधी जागा समजावण्यातच तास जातो.

मग सहा चौकटी आखा. प्रत्येकीत काडीची माणसं, खाली त्या वेळी ऐकू येणारं वाक्य, बाजूला बाणानं काय हलणार ते. ही वही दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला दाखवा आणि तोंडातून एक शब्द न काढता विचारा, काय चाललंय? त्यांना कळलं नाही तर चौकट बदला. खोडरबरानं बदलायला एक मिनिट लागतं, संगणकावर अर्धी रात्र.

आवाज आधी, चित्र नंतर

ॲनिमेशन करणारे व्यावसायिक लोकही बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड करतात आणि चित्राची हालचाल त्याच्यावर बसवतात. आपणही तेच करावं. उलट केलं की चित्र संपतं आणि वाक्य उरतं, मग घाईघाईनं बोललं जातं.

खोलीतला घुमणारा आवाज मारायला भिंतीवर किंवा खिडकीवर गोधडी टाका, पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला धरा, समोर धरला तर 'प' आणि 'ब'ला फुंकर येते. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात ही कामं अडतात. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की रेकॉर्डिंग होत नाही. मी आवाजाचं सगळं काम मे महिन्यात उरकून ठेवतो. संगणकावर आवाज कापायला आणि खरखर काढायला 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्राम पुरतो.

'माझा उच्चार इंग्रजांसारखा नाही' म्हणून कित्येक शिक्षक माघार घेतात आणि संगणकाचा तयार आवाज लावतात. घेऊ नका माघार. स्पष्ट भारतीय इंग्रजी मुलांना हवीच आहे. शंका असलेला शब्द केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन डिक्शनरीत उच्चाराचं बटण दाबून ऐका, जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते बघा, आणि मग आपल्या आवाजात म्हणा. दोन पात्रं असतील तर दुसरा आवाज शाळेतल्याच बाईंचा घ्या. मुलांना ओळखीचा आवाज पडद्यातून आला की ती जास्त कान देतात. संगणकाचा आवाज वापरलाच तर प्रत्येक वाक्य ऐकून तपासा, विशेषतः आपली गावांची आणि माणसांची नावं. ती तो हमखास बिघडवतो.

पहिली वाट: पॉवरपॉइंट

शाळेतल्या संगणकावर पॉवरपॉइंट २०१९ किंवा त्यानंतरचं असेल तर शब्द चालवायला दुसरं काही लागत नाही. त्यात 'मॉर्फ' नावाचं ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जायचा प्रकार, आहे. पहिल्या स्लाइडवर शब्द मराठी क्रमात ठेवा, प्रत्येक शब्द वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये. डावीकडच्या पट्टीतली ती स्लाइड निवडून कंट्रोल आणि डी दाबा, तिची नक्कल तयार होते. नकलेत शब्द इंग्रजी क्रमाच्या जागी ओढा. मग दुसऱ्या स्लाइडला 'ट्रान्झिशन्स' मधून 'मॉर्फ' द्या आणि 'ड्युरेशन' दोन-अडीच सेकंद करा. चालवून बघा: शब्द आपल्या आपण सरकत जातात.

'खाली'चा 'अंडर' होताना अडतं, कारण मजकूर बदलला की पॉवरपॉइंट दोघांना वेगळं समजतं. त्यावर उपाय आहे. ऑल्ट आणि एफ-टेन दाबा, 'सिलेक्शन पेन' उघडतं. दोन्ही स्लाइडवरच्या त्या बॉक्सला एकच नाव द्या आणि नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हं टाका. आता पॉवरपॉइंट त्यांना एकच वस्तू मानतं आणि चालता चालता एक शब्द विरून दुसरा उमटतो. ही युक्ती सापडेपर्यंत मी 'खाली'ला आधी घालवून 'अंडर' नव्यानं आणत होतो. त्यात सगळी मजाच जायची, कारण मुलांना दिसायला हवं ते हे, की काम तोच शब्द करतो, फक्त जागा आणि रूप बदलतं.

जुनं पॉवरपॉइंट असेल तर 'ॲनिमेशन्स' मधले 'मोशन पाथ' वापरा. शब्द निवडा, 'कस्टम पाथ' घ्या आणि माउसनं त्याची वाट काढा. वळसा घालणारी वाट तर यात जास्त चांगली निघते.

आवाजासाठी प्रत्येक स्लाइडवर 'इन्सर्ट' मधून 'ऑडिओ' घाला आणि तो आपोआप सुरू होईल असं ठेवा. ट्रान्झिशनमध्ये 'आफ्टर'समोर त्या स्लाइडच्या आवाजाचे सेकंद लिहा, वर एक सेकंद शांततेचा. शेवटी 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ', आणि तिथं चित्राचा दर्जा सातशेवीस पी निवडा. वर्गातल्या टीव्हीला एवढं पुरेसं आहे आणि फाइलही लहान राहते.

तयार पात्रं हवी असतील तर कॅनव्हा, पॉवटून, ॲनिमेकर यांच्या वेबसाइट आहेत. कॅनव्हाची शिक्षणासाठीची आवृत्ती शाळेतल्या शिक्षकांना पडताळणीनंतर मोफत मिळते. बाकीच्या दोघांत मोफत खात्यावर व्हिडिओत त्यांचा शिक्का येतो. ही सगळी इंटरनेटवर चालणारी साधनं, त्यामुळे जिथं फोन घेऊन टेकडीवर जावं लागतं तिथं त्यांच्यावर विसंबू नका.

दुसरी वाट: खानापूरची माती

खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी प्रसिद्ध आहेत; कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थासुद्धा इथं आहे. ही माती मोबाइलसमोर ठेवली की तिची म्हैस होते, आणि प्रत्येक फोटोत ती थोडी थोडी सरकवली की म्हैस चालते. याला स्टॉप मोशन म्हणतात. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' हे ॲप त्यासाठी चांगलं. आधीचा फोटो फिकट दिसत राहतो, त्यामुळे किती सरकवायचं ते कळतं. चित्रं काढून हलवायची असतील तर 'फ्लिपाक्लिप'.

गणित आधी करा. सेकंदाला सहा फोटो धरले तर वीस सेकंदांना एकशे वीस फोटो. सातवीची मुलं एवढं दोन तासिकांत करतात. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण त्याच्या मागे लागू नका. वाक्य बोललं जात असताना म्हैस उभी राहिली तरी चालतं. एकच फोटो दोन सेकंद ताणता येतो. हालचाल फक्त शब्द जिवंत करायच्या क्षणाला.

माती मळून घट्ट करा. पायांत हिराच्या काड्या घाला, नाहीतर म्हैस तिसऱ्याच फोटोला बसते. काम थांबलं की ओलं फडकं झाका, नाहीतर तासाभरात पाठीला तडे जातात. जवळ कुंभार नसेल तर चतुर्थीच्या आधी गणपतीच्या कारखान्यातून शाडू मिळते. तळं म्हणून निळी प्लास्टिकची पिशवी, झाडं म्हणून खऱ्या डहाळ्या.

मोबाइल दोन विटांमध्ये घट्ट बसवा आणि चिकटपट्टीनं आवळा. खिडकी लावून घ्या आणि बल्बच्या उजेडात काम करा, कारण ढग आला-गेला की फोटोंचा उजेड बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, ते करा. फोटो काढताना बोटाच्या धक्क्यानं मोबाइल हलतो, म्हणून तारेचा इअरफोन लावून त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो निघतो का बघा.

या वाटेचा फायदा व्हिडिओपेक्षा मोठा आहे. म्हैस सरकवणारं मूल दर फोटोला वाक्य म्हणतं. आमच्याकडे एक मुलगी बगळा म्हशीच्या पाठीवर ठेवायच्या आधी दर वेळी पुटपुटत होती, 'नियर… नियर… नियर… ऑन!' चाळीस वेळा म्हणून झालं तिचं, आणि कुणी पाठ कर म्हणालं नव्हतं.

उच्चारासाठी चित्र काढू नका

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. तोंडाची कार्टूनं काढण्यात वेळ घालवू नका. आपल्याच ओठांचे जवळून फोटो घ्या आणि तेच ॲनिमेशनसारखे एकामागून एक लावा. जनावरांचा डॉक्टर आणि ओला, हे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'वेट'च. आपल्याकडे 'व' एकच. इंग्रजीत एकात खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, दुसऱ्यात दात लांब राहतात आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात. तीन-तीन फोटो, सावकाश, मग वेगानं. व्हिडिओत इंग्रजी देवनागरीत लिहू नका म्हणालो ते याचसाठी. लिपीच फरक झाकून टाकते.

'झू' मधल्या आवाजासाठी मात्र मुलांना आधार द्या: 'जरा' मधला 'ज' म्हणायला लावा, 'जीव' मधला नव्हे. मराठी मुलाला तो आवाज जवळचा आहे.

खालची अक्षरं

बोललेलं इंग्रजी खाली इंग्रजीतच लिहा. मराठी भाषांतर लिहिलं की डोळा तिथंच जातो आणि कान बंद होतो. बोलली जाते त्याच भाषेतली अक्षरं पडद्यावर दाखवायची कल्पना आपल्या देशात रुजवली ती ब्रिज कोठारी यांनी. १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हे काम सुरू केलं, आणि पुढे दूरदर्शनवरच्या सिनेगीतांखाली गाण्याचेच शब्द येऊ लागले, म्हणजे गाणं ऐकता ऐकता वाचन सुधारावं. आपल्या वर्गातही तेच तत्त्व.

एका वेळी सहा-सात शब्द, एक ओळ, फार तर दोन. फॉन्ट साधा घ्या. 'अँडिका' हा मोफत फॉन्ट नव्यानं वाचायला शिकणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे, त्यातली अक्षरं एकमेकांसारखी दिसत नाहीत. आणि पडताळणी एकच: शेवटच्या बाकावर जाऊन बसा. वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा.

तयार चित्रं लागली तर कुणाचेही व्हिडिओ उतरवून कापू नका. प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' २०१५ पासून मुक्त परवान्यावर गोष्टी देतं, लेखक-चित्रकारांचं नाव द्यायचं एवढीच मुख्य अट. तिथं मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांतली पुस्तकं आहेत. आपल्या भागाला याहून सोयीचं काय असणार? एकच चित्र, एकच प्रसंग आणि वाक्य तिन्ही भाषांत.

वर्गात दाखवताना

चाळीस मिनिटांच्या तासाला व्हिडिओ सगळा मिळून चार-पाच मिनिटंच चालू असतो. बाकीचा वेळ तो थांबलेला असतो, आणि खरं शिकणं तेव्हाच होतं.

पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. मुलांना मराठीत, कन्नडमध्ये, जशी येईल तशी सांगू द्या काय झालं ते. अर्थ हातात आला की इंग्रजी ऐकायची भूक लागते. दुसऱ्यांदा आवाजासकट, मधे न थांबता. तिसऱ्यांदा हालचालीच्या अर्धा सेकंद आधी थांबवा: 'आता कोण पुढे येणार?' इथं घाई करू नका, हळू मुलालाही वेळ द्या. चौथ्यांदा पुन्हा आवाज बंद, आणि मुलं जोडीनं पात्रांचे आवाज देतात.

दाखवायला 'व्हीएलसी' वापरा. स्पेसबारनं थांबतं, इंग्रजी ई दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते, आणि चौकोनी कंसाच्या उघडणाऱ्या खुणेनं वेग कमी होतो. फणस हवेतच अडकवून ठेवायला ही ई फार कामाची आहे.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावून आदल्या दिवशीच तपासा. एमपी-फोर सोडून इतर प्रकार काही टीव्ही घेत नाहीत. टीव्हीचा स्वतःचा आवाज मागे पोहोचत नाही, एक लहान स्पीकर हवा. तो एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत मागा किंवा माजी विद्यार्थ्यांना सांगा. प्रोजेक्टरपेक्षा स्पीकर स्वस्त, आणि भाषेच्या तासाला जास्त गरजेचा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओ पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबला जाऊन अक्षरं फुटतात. मुलांचे चेहरे किंवा आवाज असतील तर पालकांना विचारल्याशिवाय शाळेबाहेर काही जाऊ देऊ नका.

वीज गेली तर

जाणारच, जुलैत तर रोज. त्यासाठी पाठकोऱ्या कागदांवर शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एकेक कागद एकेका मुलाच्या गळ्यात. मराठी क्रमानं रांग लावा, टाळी वाजली की रांगेनं चालत इंग्रजी क्रमात जायचं. शेवटी उभा असलेला 'का' पळत पुढे येतो, कागद उलटतो, मागे 'डू' लिहिलेलं असतं. व्हिडिओत एकदा पाहिलेलं असतं म्हणून कुणाला समजावावं लागत नाही. पाठीमागून दुसरी मुलं ओरडून दिशा सांगतात, 'अरे तू शेवटी नको, पुढं ये की!'

दुसऱ्या दिवशी

व्हिडिओ न दाखवता पाच नवी वाक्यं विचारा, व्हिडिओत नसलेली. म्हैस तळ्यात शिकवली असेल तर पुस्तक दप्तरात, पाल भिंतीवर. वहीत तारीख, व्हिडिओचं नाव आणि किती जणांना क्रम जमला ते लिहा. आठ दिवसांनी परत विचारा. निम्म्या मुलांना जमलं नसेल तर मुलांना बोल लावायच्या आधी व्हिडिओ पुन्हा बघा: हालचाल फार वेगात झाली का, एका वेळी दोन गोष्टी हलल्या का, आवाज आणि हालचाल एकत्र पडले का. माझ्या 'डज'च्या व्हिडिओत 'लाइक्स'चा 'एस' तिथून निघून 'डू'ला जाऊन चिकटायला हवा होता. मी तो नुसताच गायब केला होता. आठवडाभर मुलं 'डज शी लाइक्स' म्हणत राहिली. तो 'एस' लाल रंगाचा करून सावकाश चालवत 'डू'पर्यंत नेला, तेव्हा पहिल्याच बाकावरून आवाज आला, 'सर, तो हिकडनं तिकडं गेला. आता हिकडं नाही लावायचा.'